फेंडर बॅसमन (५एफ६-ए) : टोन कंट्रोल व रेझिस्टर

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील फेंडर कंपनीचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर. निर्मिती १९५८ ते १९६०. दहा इंची चार स्पीकरांचा हा खोका बेस गिटारसाठी काढला होता; नाव मात्र झाले ते साध्या इलेक्ट्रिक गिटारमुळे. लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या ‘जेटीएम-४५’ने याचेच सर्किट जवळजवळ जसेच्या तसे उचलले.

ट्रेबल, मिडल आणि बेस हे तीन नॉब आवाजात कशाचीही भर घालत नाहीत, फक्त कापतात. तिन्ही शून्यावर आणले की ॲम्प्लिफायर जवळजवळ गप्प होतो. शिवाय ते स्वतंत्रही नाहीत. २५० पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर उंच स्वर थेट ट्रेबलच्या पॉटकडे (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरकडे) जाऊ देतो; उरलेला सिग्नल ५६ किलोओहमच्या ‘स्लोप’ रेझिस्टरमधून ०.०२ मायक्रोफॅरडच्या दोन कंडेन्सरांकडे जातो आणि तिथून बेस व मिडलच्या पॉटपर्यंत पोचतो. सगळी मंडळी एकाच जाळ्यात असल्याने एक नॉब फिरवला की बाकीच्या दोघांचे वागणेही बदलते.

सगळ्या जाळ्याची नाडी त्या एका ५६ किलोओहमच्या हाती आहे. मार्शलने पुढे तिथे ३३ किलोओहम आणि ट्रेबलला ५०० पिकोफॅरड घातले, तेव्हा मधले स्वर भरदार झाले. उलट फेंडरने १९६३ नंतरच्या काळ्या पट्टीच्या ‘ट्विन रिव्हर्ब’सारख्या मॉडेलांत १०० किलोओहम वापरले, त्यांचा मधला भाग पोकळ, स्वच्छ वाटतो. (प्रेझेन्स हा चौथा नॉब या जाळ्यात येत नाही, तो आउटपुटकडून मागे येणाऱ्या सिग्नलवर काम करतो.)

त्या काळचे रेझिस्टर कार्बन कंपोझिशनचे. रंगीत पट्ट्यांतला चंदेरी पट्टा दहा टक्के सूट दाखवतो, म्हणजे ‘५६’ लिहिलेला नग ५०.४ ते ६१.६ किलोओहमपर्यंत काहीही असू शकतो. दमट हवेने आणि वयाने आकडा बहुधा वरच सरकतो. एकाच वर्षीचे दोन बॅसमन वेगळे वाजतात, त्याचे एक कारण इथे आहे.

रेझिस्टरचा वॅटचा आकडा आवाजाचा नसून उष्णतेचा आहे. व्हॉल्व्हच्या प्लेटला जोडलेल्या १०० किलोओहमवर १०० व्होल्ट पडले, तर खर्च होतो फक्त ०.१ वॅट, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर पुरेसा. दोन वॅटचा बसवला म्हणून स्वर गोड होत नाही. मात्र व्होल्टची मर्यादा बहुतेकजण विसरतात. पाव वॅटच्या कार्बन रेझिस्टरची मर्यादा साधारण २५० व्होल्ट, अर्ध्या वॅटच्याची ३५०. प्लेटच्या जागी आजचा पाव वॅटचा बारीक नग उष्णतेच्या हिशेबात बसतो, पण बिघाडात त्याच्यावर येणारा दाब जास्त असू शकतो. म्हणून तिथे अर्धा वॅट हाच किमान आकडा धरावा.

जुना रेझिस्टर बदलण्याआधी मीटरने मोजावा. मापात असेल आणि खरखर करत नसेल, तर त्याला हात लावू नये. मोजमाप ॲम्प्लिफायर बंद करून, प्लग काढूनच करावे. तरीही फिल्टर कंडेन्सरांत ४०० व्होल्टहून अधिक दाबाने वीज साठून राहू शकते, ती आधी रेझिस्टरमार्फत उतरवावी आणि उतरली का हे मीटरवर पाहावे.