नवी पेटी

मराठी घरात ‘पेटी’ म्हटले की हार्मोनियम. कोपऱ्यात लोखंडी ट्रंक असली तरी भजनाच्या वेळी ‘पेटी काढा’ म्हटल्यावर कुणी ट्रंकेला हात लावत नाही. इतकी ती आपली झाली आहे. गेल्या वर्षी मात्र आमच्या महिला मंडळात एका दुसऱ्याच पेटीवरून वाद झाला, आणि त्या वादाने मला पुन्हा पुस्तकांकडे वळवले.

महावीर जयंतीची भक्तिसंध्या होती. माझी भाची गिटार घेऊन आली. बरोबर एक काळी चपटी पेटी, पूजेच्या ताटाएवढी. वर पाच-सहा नॉब, पायाने दाबायचे दोन खटके आणि एक चिमुकला पडदा. गिटारची वायर पेटीत, पेटीची वायर हॉलच्या मिक्सरला. दोन स्तवने झाली. तिसऱ्याच्या आधी मागच्या रांगेतून एक वयस्कर काकू उठल्या आणि म्हणाल्या, “बेन, बहु पडघा पडे छे. शब्दो संभळाता नथी.” पडसाद फार पडतोय, शब्द ऐकू येत नाहीत.

तक्रार एवढीच होती. पण पुढच्या बैठकीत तिने वेगळेच रूप घेतले. मंदिरात इलेक्ट्रिकचे चोचले कशाला, ही पाश्चात्य वाद्ये आपली नव्हेत, भक्ती म्हणजे साधेपणा. बोलता बोलता ठरूनच गेले, की पुढच्या वर्षी फक्त पेटी आणि ढोलक. भाची काही बोलली नाही. घरी आल्यावर वायर गुंडाळत म्हणाली, “मावशी, मी आता नाही येणार.”

मला राग आला, हे खरे. पण खरे हेही होते, की पहिल्या रांगेत बसूनसुद्धा मला शब्द कळले नव्हते. म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, ‘आपले वाद्य’ म्हणजे काय ते जरा तपासायचे. दुसरी, त्या काळ्या पेटीजवळ बसून ती करते काय ते शिकायचे.

आधी जुन्या पेटीची गोष्ट घ्या. हार्मोनियम हे नाव आणि वाद्य पॅरिसचे. अलेक्झांडर दबँ या कारागिराने १८४२ च्या सुमारास त्याचे पेटंट घेतले. ते खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायचे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास भाता मागे आणला, हाताने मारायची सोय केली, आणि वाद्य सतरंजीवर आले. आपण मांडी घालून बसतो, म्हणून पेटीही मांडी घालून बसली. तरी तिला सुखाने बसू दिले का? तिचे स्वर ठोकळ्यासारखे, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, असे आक्षेप जाणत्यांनी घेतले. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने तिला दारच बंद केले, ते सुमारे तीस वर्षे. त्या तीस वर्षांत देवळांत, भजनी मंडळांत, नाटकांत आणि शाळांच्या प्रार्थनेत मात्र पेटी वाजतच राहिली. ज्या पेटीचा आम्ही बैठकीत ‘आपली’ म्हणून कैवार घेतला, तीही एके काळी परदेशी यंत्रच होती.

आणि ती शिकवणाऱ्यांत आपले बडोदे पुढे होते. सूरसागराकाठी संगीत महाविद्यालयाची इमारत आपण येता-जाता पाहतो. तिची पाळेमुळे १८८६ च्या गायनशाळेत आहेत. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी ती सुरू केली. मौलाबक्ष उत्तरेचे, पण म्हैसूरला राहून त्यांनी दाक्षिणात्य संगीतही आत्मसात केले होते. तोवर गाणे म्हणजे उस्तादाच्या घरची ठेव. वर्षानुवर्षे सेवा करावी तेव्हा एखादी चीज पदरात पडायची. मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली, वर्ग घेतले. उस्तादाच्या घरातला सूर कागदावर आला आणि कागदावरून कुणाच्याही घरात जाऊ लागला.

त्यांचे नातू इनायत खाँ १८८२ साली इथेच जन्मले. १९१० मध्ये ते परदेशी गेले आणि पाश्चात्य देशांत सूफी विचारांसाठी प्रसिद्ध झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याआधी तरुणपणी त्यांनी बडोद्यात ‘हार्मोनियम शिक्षक’ आणि ‘फिडल शिक्षक’ अशी पुस्तके लिहिली, हे आपल्याला कुणी सांगत नाही. फिडल म्हणजे व्हायोलिन. दोन्ही वाद्ये बाहेरची, दोन्ही त्या काळी नवी. ‘हे आपले नव्हे’ म्हणत बसण्यापेक्षा ‘हे असे धरा, इथे बोट ठेवा’ असे सांगणारी पुस्तके या गावात निघाली. पुढे १९१६ मध्ये पंडित भातखंड्यांच्या खटपटीने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच.

कागदावर आल्याने काही हरवले का? हरवलेच. स्वरलिपीत ‘ग’ लिहिता येतो. उस्ताद तो ‘ग’ कसा झुलवायचे ते लिहिता येत नाही. ज्यांना उस्तादाचा उंबरा कधीच ओलांडता आला नसता, त्यांच्या हाती निदान ‘ग’ तरी आला. बाकीचे ज्याचे त्याने कमवायचे.

आता धर्माचा प्रश्न. मी पंडित नाही, पण बैठकीत धर्माचे नाव निघाले म्हणून बोलते. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्द, म्हणजे ध्वनी, हा पुद्गलाचा पर्याय सांगितला आहे. न्याय-वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले; आपल्या आचार्यांनी तो जड पदार्थाचाच एक प्रकार मानला. पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धीत वाद्यांच्या ध्वनीचे चार भेद दिले आहेत: चामड्याचा, तारेचा, ठोक्याचा आणि फुंकरीचा. भेरी, वीणा, घंटा, शंख. त्यांत कुठले वाद्य पवित्र आणि कुठले अपवित्र अशी वर्गवारी नाही. संगीताकडे आपल्या लोकांनी पाठ फिरवली होती असेही नाही. दिगंबर पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ तेराव्या शतकाच्या सुमाराचा. श्वेतांबर सुधाकलशांनी १३५० मध्ये ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ रचला, आणि तो उमाकांत शहा यांनी संपादित करून १९६१ साली आपल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला.

राहिला विजेचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विजेत तेजस्काय जीवांची विराधना होते असे मानून कित्येक साधु-साध्वी आजही माईक वापरत नाहीत. त्यांचे महाव्रत, त्यांची मर्यादा. पण आपण श्रावक-श्राविका हॉलमध्ये माईक लावतो, पंखे लावतो. ढोलकावर कातडे असते. निर्दोष कुणीच नाही. म्हणून एकट्या गिटारवर बोट ठेवू नये, आणि ‘मग काहीही चालेल’ असेही म्हणू नये.

गिटारचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. विजेवर चालणारी जी पहिली गिटार १९३२ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आली, ती उभी धरायची नव्हतीच. ती हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची. आकार असा, की लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तळणीचा तवाच म्हणत. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात किंचित वीज उमटते. ती वाढवून कर्ण्यातून ऐकवायची, की झाले. ही मांडीवरची गिटार आपल्याला लगेच मानवली, कारण कांडी सरकवली की मींड निघते. पेटीला जे जमत नव्हते ते हिला जमले. अहमदाबादेत राहून ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे.

मग या गिटारच्या आवाजाला लोक नटवू लागले. घुमारा हवा म्हणून अँपमध्ये स्प्रिंगा बसवल्या. पडसाद हवा म्हणून टेपचे फिरते वेटोळे लावले. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र बिघडले आणि आवाज फाटका, घरघरता आला. लोकांना तो इतका आवडला, की लवकरच मुद्दाम आवाज फाडणारी डबी विकायला आली! अशा डब्या वाढत गेल्या. पुढे नव्वदच्या दशकात सगळे आकड्यांत आले. आत आलेला आवाज सेकंदाला चव्वेचाळीस हजारांहून अधिक वेळा मोजायचा, त्या आकड्यांवर गणित करायचे, आणि पुन्हा त्यांचा आवाज करायचा. जुना अँप, त्याचा कर्णा, स्प्रिंग, टेप, मोठे सभागृह, सगळ्यांची नक्कल गणिताने होते. भाचीची काळी पेटी ती हीच.

एके दुपारी मी तिच्यासमोर बसले. तिने आधी आवाजाचे नॉब शून्यावर आणले, मग वायरी जोडल्या, मग पेटीबरोबर आलेलाच अडॅप्टर लावला. दुसरा कुठलाही लावायचा नाही, पेटी जळू शकते. हेडफोन माझ्या कानाला दिला. कंपनीने भरून दिलेले तयार आवाज एकामागून एक ऐकवले. पहिल्याच आवाजाला मी दचकले. जणू मी विजापूरच्या गोलघुमटात उभी होते.

“हे सगळे असेच असतात, मावशी. दुकानात ऐकून भुलावे म्हणून प्रत्येकात सगळे मसाले घातलेले.”

“मग मसाले काढ की.”

तिने एकेक करून सगळे बंद केले. पडद्यावर साखळी दिसत होती: आधी आवाज दाबून सारखा करणारा, मग फाडणारा, मग अँप, मग कर्णा, मग पडसाद, शेवटी घुमारा. शेवटी फक्त अँप आणि कर्णा उरले. मिक्सरला जोडायचे तर कर्ण्याची नक्कल चालू ठेवायची, नाही तर आवाज माशीसारखा गुणगुणतो. खऱ्या गिटार-अँपला जोडायचे तर बंद करायची. एवढे कळायला मला दोन दिवस लागले. पडसादाचे गणित मात्र पटकन समजले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे पडद्यावर १०० मिलीसेकंद लिहिले, की १७ मीटर लांबच्या भिंतीवर आपटून परत आलेला आवाज. त्या नॉबने आपण भिंत लांब-जवळ सरकवत असतो.

आणि तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या हॉलला संगमरवरी फरशी, गुळगुळीत भिंती, वर उंच छत. टाळी वाजवली तरी घुमते. तिथे घुमारा आधीच आहे, आणि पेटीतून दुसरा घुमारा त्यावर ओतला होता. घुमटात घुमट! शब्द कसे कळावेत? घरी हेडफोनवर जो आवाज भाचीला गोड लागला होता, तोच हॉलमध्ये चिखल झाला. काकूंचे कान खरे होते. आम्हीच त्यांच्या तक्रारीचा धर्म करून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा असताना आम्ही दोघी गेलो. भाची पुढे वाजवत आणि गात होती, मी मागच्या रांगेत, काकूंच्या जागेवर. घुमारा शून्य. पडसाद शून्य. जाड स्वर थोडे कमी. पहिल्यांदा मला ओळीचा शेवटचा शब्द ऐकू आला. तिने तो आवाज पेटीत साठवला आणि त्याला नाव दिले ‘मागची रांग’.

यंदाच्या बैठकीत मी इतिहास सांगितला नाही. कुणी ऐकून घेतले नसते. एवढेच म्हटले, की काकूंची तक्रार रास्त होती, ती दूर केली आहे, एक स्तवन ऐका आणि मग ठरवा. कुरकुर झाली, पण एक स्तवन मिळाले.

ते संपल्यावर काकू हळूहळू पुढे आल्या. गिटारकडे त्यांनी पाहिलेही नाही. खाली वाकून काळ्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, “आ पेटी शीखतां केटला दिवस लागे?”

भाची म्हणाली, “बा, पहिला दिवस तर नुसते बंद करायला शिकण्यातच जातो.”