माहूरची रेणुका

महाभारताच्या वनपर्वात रेणुकेची कथा तिचा पती जमदग्नी आणि मुलगा परशुराम यांच्याभोवती फिरते. चित्ररथ राजाची जलक्रीडा पाहून तिचे मन क्षणभर चळले, म्हणून जमदग्नीने मुलांना तिच्या वधाची आज्ञा केली. चौघे हलले नाहीत. परशुरामाने परशू चालवला. नंतर त्याने वर मागितला: आई जिवंत व्हावी आणि तिला हा वध आठवू नये. शिक्षा तिला झाली, पण तिची बाजू कोणी विचारली नाही; वर मिळाला तोही तिची आठवण पुसून.

नांदेड जिल्ह्यातल्या माहूरगडावर मात्र कथा तिची होते. येथील आख्यायिकेनुसार जमदग्नीच्या मृत्यूनंतर येथेच त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि रेणुका सती गेली. आई जमिनीतून पुन्हा वर येईपर्यंत मागे न पाहण्याची अट होती; व्याकूळ परशुरामाने ती मोडली, तेव्हा केवळ तिचे मुख वर आले होते. शेंदूरचर्चित तेच भव्य मुख गाभाऱ्यात पूजले जाते. विडा कुटून केलेला तांबूल हा तिचा प्रसाद.

माहूरला रेणुकेची कथा जशी तिची झाली, तसाच मराठवाड्यातल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास आपलासा केला. लोकगीतांतली ही सीता लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर यांनी ‘सीतायन’ या पुस्तकात अभ्यासली आहे.