कवीचे नाव काय लिहावे?

गेल्या उन्हाळ्यात नवापूर तालुक्यातील आम्ही चार-पाच लिहित्या मंडळींनी एक उद्योग आरंभिला. नंदुरबार जिल्ह्यातील लेखक-कवींच्या मुलाखती घ्यावयाच्या, त्या ध्वनिमुद्रित करून एका संकेतस्थळावर ठेवावयाच्या आणि सोबत लेखकाचे छायाचित्र, पुस्तकांची यादी व पुस्तक कोठे मिळेल तो पत्ता द्यावयाचा, असा बेत. भांडवल म्हणाल तर एक मोबाईल, सदऱ्याला अडकवावयाचा एक लहानसा माईक आणि संकेतस्थळाचे वर्षाचे भाडे. मास्तर म्हणून प्रश्नावलीचे काम माझ्या गळ्यात पडले. मी मोठ्या हौसेने तक्ता आखला : नाव, जन्मगाव, प्रकाशित पुस्तके, पारितोषिके, लेखनामागील प्रेरणा. पहिले नाव सहज भरले. दुसऱ्याला अडखळलो, तो अजून अडखळलेलाच आहे. दरम्यान एवढे मात्र झाले, की आपल्या आधी या वाटेने कोण कोण गेले ते शोधण्याचा मला नाद लागला.

मुळात ‘मुलाखत’ हा शब्द साहित्यातला नव्हेच. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि पेशवाईच्या कागदपत्रांत भेट या अर्थाने नांदला. सरदारांची मुलाखत होई, वकिलांची होई. तीत प्रश्नोत्तरांपेक्षा कोण किती पावले पुढे आले याला महत्त्व असे. आमच्या खेड्यांतून आजही ‘मुलाखत’ म्हटले की माणसाला नोकरीची मुलाखत आठवते, नाहीतर तुरुंगातल्या नातलगाची. कवीची मुलाखत ही कल्पना तिकडे अजून पोहोचावयाची आहे.

पण कवीसाठी व्यासपीठ उभारण्याची कल्पना मात्र आमच्या खानदेशात फार जुनी आहे. १८८७ साली जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ नावाचे मासिक काढले. त्यात केवळ कविता. मुंबई नाही, पुणे नाही, जळगाव! आणि हा व्यवहार त्यांनी सुमारे अर्धे शतक चालविला. केशवसुत, रेव्हरंड टिळक, धुळ्याचे विनायक हे सारे त्या पानांतून वाचकांपुढे आले. केशवसुत तर पुढे शिक्षक म्हणून खानदेशातच आले, भडगाव-फैजपूरला राहिले. त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले ते १९१७ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, हरिभाऊ आपट्यांच्या हातून. तोवर त्यांची कविता जगली ती मासिकांच्या पानांवर. जळगावात आज काव्यरत्नावली या नावाचा चौक आहे. मासिकाचे नाव चौकाला मिळावे असे भाग्य किती संपादकांच्या वाट्याला आले असेल?

फडणीसांनी १९०७ साली आणखी एक धाडस केले. महाराष्ट्रातील कवींना त्यांनी जळगावात एकत्र बोलाविले. पहिले महाराष्ट्र कविसंमेलन ते हेच. अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ लष्करी डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ अभ्यासक अजून उघडतात. त्या सभेत धरणगावचा एक पोरगेला मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचे नाव, वय सतरा. अध्यक्षांनी ऐकले आणि त्याला ‘बालकवी’ म्हटले. झाडापानांना नावे देण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने फुलापाखरांच्या कवीलाही नाव द्यावे, हा योग मला फार गोड वाटतो. पुढे त्या नावाखाली ठोमरे हे आडनाव जवळजवळ पुसले गेले.

आता यातली आमच्या घरची गोष्ट सांगतो. बालकवींचे वडील पोलीस खात्यात. त्यांच्या बदल्यांबरोबर हे कुटुंब खानदेशभर हिंडले आणि त्यात काही काळ नवापूरला होते. ‘वनमुकुंद’ ही बालकवींची पहिली कविता इथली, वयाच्या तेराव्या वर्षीची. तेव्हाचे नवापूर म्हणजे साग, बांबू, मोहाचे रान, आणि रानात मावची, कोकणी, भिल्ल यांची घरे. त्या रानात तेव्हाही गाणी होती. होळीची होती, लग्नाची होती, पेरणीची होती. पोलिसाचा मुलगा तेरा वर्षांचा असताना त्यातले काय त्याच्या कानावर पडले असेल ते देव जाणे. एवढे खरे, की नवापूरहून जळगावच्या सभेपर्यंत जाण्याची वाट त्याला सापडली. त्याला अक्षर येत होते, मराठी येत होते, टपाल येत होते. ज्यांच्या रानात तो वाढला त्यांना मात्र जळगावचे आमंत्रण पोहोचण्यासारखे नव्हते. फडणीसांचा यात काही दोष नाही. मासिकाला पत्ता लागतो.

मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. वाचकहो, तुमच्या हातात हा जो अंक आहे त्याचे मूळ तेथे. आजगावकर हे मूळ आडनाव टाकून बंगालीच्या प्रेमापोटी ‘मित्र’ झालेला हा संपादक लेखकांचाही मित्र होता. लेखक हा पाहण्यासारखा, भेटण्यासारखा माणूस आहे, त्याच्या नावावर अंक विकला जातो, हे आपल्याकडे ज्यांनी ओळखले त्यांत मित्र अग्रभागी. विक्रीचा हा भाग लपविण्याचे कारण नाही. १९५३ साली पॅरिसमध्ये ‘पॅरिस रिव्ह्यू’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्याने पहिल्याच अंकात कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत छापली. थोर लेखकांची कथा विकत घेण्याइतका पैसा नवख्या संपादकांपाशी नव्हता. गप्पा मात्र फुकट मिळत. मुलाखत घेणारे बहुधा जोडीने जात, हाताने टिपणे घेत आणि मजकूर लेखकाला दुरुस्त करू देत. मुलाखत हा तेथे एक वाङ्मयप्रकार होऊन बसला, त्याचे मूळ या तंगीत आहे. आपल्याकडे १९६४ च्या जानेवारीत मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळ्यांनी ‘ललित’ काढले. पुस्तके विकणाऱ्याने पुस्तकांविषयी, लेखकांविषयी काढलेले मासिक ते. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवीत, आणि ज्यांची उडे ते मनातून खूश होत, कारण ठणठणपाळाने नाव घेतले म्हणजे आपण आहोत याची खात्री पटे.

आणि तरीही या साऱ्या काळात खानदेशातली एक थोर कवयित्री विहिरीवर, शेतात, जात्यावर ओव्या रचीत होती. बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरून घेतली. आचार्य अत्र्यांनी ती पाहिली, थक्क झाले, आणि १९५२ साली प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या होत्या. म्हणजे महाराष्ट्राची त्यांच्याशी भेट झाली तेव्हा त्यांना काही विचारण्याची सोय उरली नव्हती. त्यांचे गाव जळगावाला लागूनच, आणि जळगावात ‘काव्यरत्नावली’ जवळजवळ पन्नास वर्षे निघत होती! मला ही गोष्ट बहिणाबाईंच्या कोणत्याही गाण्याइतकी अस्वस्थ करते.

आमच्या बाजूला, तापीच्या उत्तरेला, वेगळेच घडले. शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनी गेलेले, सालदारकीत अडकलेले आदिवासी तीत एकवटले. त्या चळवळीतच वाहरू सोनवणे हा भिल्ल कवी पुढे आला. १९८७ साली त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह निघाला. त्यातील ‘स्टेज’ ही कविता अनेक भाषांत गेली. विषय असा, की आदिवासींचे दुःख आदिवासींनाच ऐकविणारे लोक मंचावर बसले आहेत आणि ज्यांचे दुःख ते समोर खाली बसून ऐकत आहेत. व्यासपीठ बांधणाऱ्या प्रत्येकाने ती कविता आधी वाचावी, असे मी आमच्या मंडळींना सांगितले. १९९० साली पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोनवण्यांकडे आले. जळगावच्या १९०७ च्या सभेपासून मोजले तर मधे त्र्याऐंशी वर्षे गेली. पुढे बडोद्याच्या भाषा संशोधन संस्थेने ‘ढोल’ हे नियतकालिक आदिवासी बोलींतून काढले. त्यात आमच्या जिल्ह्यात बोलली जाणारी देहवालीही होती. छत्तीसगडात २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ सुरू झाले. तेथे गोंडी बोलणारा माणूस साध्या फोनवरून आपले म्हणणे सांगतो आणि दुसरा फोनवरूनच ते ऐकतो. अक्षरओळख लागत नाही. हे ऐकल्यावर मला आमचा तक्ता फारच शहरी वाटू लागला.

तर तो तक्ता. दुसरे नाव माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीचे होते. मावचीतली गाणी तिला किती येतात याचा हिशोब नाही. नातू दुभाषा, मी प्रश्नकर्ता. ‘आजी, हे गाणे कोणी रचले?’ नातवाने विचारले. ती हसली. रचले म्हणजे काय? ते तिच्या मावशीकडून आले, मावशीला तिच्या सासूकडून. ‘मग यातले तुमचे किती?’ तिने मधल्या दोन ओळी म्हणून दाखविल्या. त्या वर्षी पाऊस लांबला होता म्हणून घातल्या, म्हणाली. मग इतर बायकाही तशाच म्हणू लागल्या. जन्मगाव विचारले तर ते उच्छल तालुक्यातले, म्हणजे गुजरातेत. नवापूरच्या रेल्वे स्थानकातूनच दोन राज्यांची सीमा जाते. सोयरीक ती सीमा केव्हाच ओलांडून बसली आहे. ‘जिल्ह्यातील लेखक’ या आमच्या मथळ्यात ही बाई बसते की नाही, यावर आमच्या मंडळींत एक अख्खी संध्याकाळ वाद झाला.

संगणक जाणणारा आमचा तरुण मित्र म्हणतो, नाव हवेच; नावाशिवाय शोधणाऱ्याला पान सापडत नाही. त्याचे खरे आहे. दुसरा म्हणतो, आजीचे नाव घाला, तिला मान मिळेल. तेही खरे. पण मावशीचे काय, आणि मावशीच्या सासूचे? सोपानदेवांना ही अडचण नव्हती. आई एक होती आणि गाणी तिची होती. शेवटी मी ‘लेखकाचे नाव’ खोडून तेथे ‘कोणी गाइले’ आणि ‘कोणाकडून ऐकले’ असे दोन रकाने केले, आणि पारितोषिकांचा रकाना सर्वांसाठीच काढून टाकला. यावर आमच्या पहिल्या लेखकमहाशयांची थोडी नाराजी झाली आहे. (पहिले नाव माझेच होते, हे येथे सांगून टाकलेले बरे.)

हे सारे आम्ही आजीला सांगावयास गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि नातवाला काही विचारले. तो लाजला. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाला, ‘सर, ती विचारते, तुमच्या गोष्टी तुम्ही कोणाकडून ऐकल्या?’ मला चटकन उत्तर सुचले नाही. आईचे नाव सांगितले. तिने मान हलविली, आणि माझ्या आईचे गाव कोणते, तिला कोणी शिकविले, हे एकामागून एक विचारीत गेली. चहा थंड झाला. माईक तिच्या पदराला लावलेला होता, त्यामुळे माझी उत्तरे त्यात जेमतेम ऐकू येतात. तिचे प्रश्न मात्र स्वच्छ आले आहेत.

होळीची गाणी तेवढी राहिली. ती होळीलाच म्हणावयाची, त्याआधी नाही, असे तिने बजाविले. फाल्गुनाला अजून अवकाश आहे. संकेतस्थळावर ते पान उघडून ठेवले आहे. वर तिचे नाव आहे, खाली तिच्या मावशीचे, आणि बाकी कोरे.