कोननचा सूड नक्की कुणाचा?



कोर्सवर्कमध्ये मला संशोधनपद्धतीवर सेमिनार द्यायचा होता. विषय मोकळा होता, म्हणून मी १९८२ चा ‘कोनन द बार्बेरियन’ घेतला. लहानपणी डोळ्यांदेखत आईवडील मारले जातात, मुलगा गुलाम होतो आणि मोठा होऊन मारेकऱ्याचा सूड घेतो. पहिल्याच स्लाइडवर मी लिहिलं, ‘रॉबर्ट हॉवर्डच्या सूडकथेवर आधारित.’ सरांनी एवढंच विचारलं, “कुठल्या कथेवर?” मला उत्तर देता आलं नाही. सेमिनार पुढे ढकलला गेला.

मग मूळ कथा वाचायला बसलो. हॉवर्ड टेक्सासचा लेखक. १९०६ मध्ये जन्मला आणि १९३६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. कोननची पहिली कथा डिसेंबर १९३२ मध्ये ‘विअर्ड टेल्स’ मासिकात आली, आणि ती होती कल या दुसऱ्याच नायकाची न विकली गेलेली कथा बदलून लिहिलेली! तिच्यात कोनन आधीच राजा आहे. हॉवर्डचा कोनन पुढे सूडही घेतो, पण आईवडिलांचा नाही. तो घर सोडतो ते स्वतःच्या मर्जीनं, भटकायच्या ओढीनं. मार्च १९३६ च्या एका पत्रात हॉवर्डनं त्याच्या तरुणपणाची हकीकत सांगितली आहे. तिच्यात गुलामगिरी नाही.

मग सिनेमात हे सगळं आलं कुठून? एकेक धागा वेगळा करून बघा. खलनायक थुल्सा डूम हे नाव कलच्या कथेतलं. कोननला झाडावर खिळे ठोकून टांगतात तो प्रसंग हॉवर्डच्या १९३४ मधल्या कथेवरून घेतलेला. तिथे मात्र तो क्रूसावर आहे. थडग्यात तलवार सापडते, तो प्रसंग १९६७ मधल्या कथेशी जुळतो, आणि ती लिहिली डी कँप आणि लिन कार्टर यांनी. म्हणजे हॉवर्ड जाऊन तीस वर्षं झाल्यावर. आणि आईवडिलांच्या सुडाचा कणा? तो पटकथेतला. पटकथा दिग्दर्शक जॉन मिलियस आणि ऑलिव्हर स्टोन यांची.

अजून एक गंमत. या प्रकाराला आपण ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ म्हणतो. हा शब्द फ्रिट्झ लायबरनं १९६१ मध्ये सुचवला. हॉवर्डनं तो कधी ऐकलाच नाही! तरी माझ्या दुसऱ्या स्लाइडवर होतं, ‘हॉवर्डनं सोर्ड अँड सॉर्सरी लिहायचं ठरवलं.’ नंतरचा शब्द आधीच्या माणसाच्या तोंडी घातला. इतिहासात ही चूक फार सहज होते.

मी विज्ञानाचा विद्यार्थी. लॅबमध्ये लेबल नसलेल्या बाटलीतलं द्रावण मी कधी वापरणार नाही. पण इथे चार वेगवेगळ्या बाटल्यांतलं मिसळून वर ‘हॉवर्ड’ असं एकच लेबल लावलं होतं.

यात सिनेमा खोटा ठरत नाही हं. मिलियसनं सूड का घातला, हा स्वतंत्र आणि चांगला प्रश्न आहे. पण तो १९८२ चा प्रश्न आहे, १९३२ चा नाही. ‘यावर आधारित’ असं लिहाल, तेव्हा लगेच समोर तीन गोष्टी मांडा: कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि मी स्वतः ते वाचलंय का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ आलं, तर ते वाक्य प्रबंधात घालू नका.

दुसऱ्यांदा सेमिनार दिला, तेव्हा पहिल्या स्लाइडवर फक्त सरांचाच प्रश्न होता.