हर्नियाच्या ठिगळाची कुळकथा

पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येते, तो हर्निया. जांघेतल्या हर्नियाला मराठीत अंतर्गळ म्हणतात. सुश्रुताने त्याला अंत्रवृद्धी म्हटले आणि कारणांत ओझे वाहणेही धरले. पुणे जिल्ह्यातल्या अंथुर्णे-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्याचे काम त्याच जातीचे. खोकले की गाठ फुगते, आडवे पडले की आत जाते. अडकली तर जिवावर बेतते. मोठ्या माणसात हे भोक औषधाने बुजत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते.

इटलीतील पादुआच्या एदोआर्दो बासिनी यांनी १८८४ मध्ये जांघेची भिंत थरांनिशी शिवून घेण्याची पद्धत सुरू केली. पण विरलेले कापड ओढून शिवले की टाक्याशेजारी पुन्हा फाटते. ताणलेल्या स्नायूंचेही तसेच होई. म्हणून ठिगळ आले. अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाअखेरीस प्लास्टिकची जाळी वापरात आणली. तिच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात आणि जाळी भिंतीत मुरते. १९८० च्या दशकात अर्व्हिंग लिख्टेनस्टाईन यांनी काहीही न ओढता नुसती जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली.

आता अडचण उरली ती जाळीच्या किमतीची. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी २००१ मध्ये जाळीशिवायचा मार्ग मांडला: पोटाच्या बाहेरच्या तिरप्या स्नायूच्या चिवट पडद्याची एक पट्टी चिरायची, दोन्ही टोके जागच्या जागी जोडलेली ठेवायची आणि ती कमजोर भागावर शिवायची. ठिगळ अंगचेच.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी बाजारातले मच्छरदाणीचे कापड घेतले. त्याचे प्लास्टिक महागड्या जाळीच्याच कुळातले होते. त्यांनी व सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांत ३५९ हर्निया या कापडाने दुरुस्त केले आणि अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला. कापड कीटकनाशक न लावलेले हवे. ते कापून, धुऊन वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. त्यासाठी १२१ अंश सेल्सिअस तापमान चालते, त्याहून बरेच वाढले तर कापड आकसते.

पुढे आफ्रिकेतही मच्छरदाणीची जाळी वापरली गेली. युगांडात ३०२ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परतला होता, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. हा फरक नगण्य ठरला.