दिव्यांग भेदभावाचा दावा : तडजोड करावी की निकालापर्यंत लढावं?

जोयडा : नोकरीत असताना पाय गेला किंवा दृष्टी गेली, आणि साहेबांनी "आता तुमच्याकडून काम होणार नाही" म्हणून घरी बसवलं. दावा दाखल झाला की थोड्याच दिवसांत निरोप येतो, "काही रक्कम घ्या आणि मिटवून टाका." रामनगर, कॅसलरॉक, कुंभारवाडा भागातल्या माणसाला प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन कोर्ट गाठावं लागतं. त्यामुळे हा निरोप गोड वाटतो. सही करण्याआधी काय तपासायचं, ते पाहू.

आधी मालक कोण ते बघा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. दिव्यांगत्वावरून भेदभावाला त्याच्या कलम ३ मध्ये मनाई आहे. गरजेची वाजवी सोय नाकारणं हासुद्धा व्याख्येप्रमाणे भेदभावच.

सरकारी खातं, महामंडळ, पंचायत किंवा अनुदानित संस्था असेल तर कलम २०(४) चा मोठा आधार मिळतो. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवायचं. खासगी नोकरीला हे कलम लागू नाही, म्हणून तिथे चांगल्या तडजोडीचं पारडं जड होऊ शकतं.

न कळता केलेली सही

पंजाब वीज मंडळाचा एक सहायक लाइनमन सेवेत असताना पूर्ण आंधळा झाला. त्याने स्वतःच निवृत्तीचं पत्र दिलं आणि मंडळाने ते मान्य केलं. तेव्हाच्या १९९५ च्या कायद्यातही असंच संरक्षण होतं, पण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कर्मचाऱ्याला त्याचा हक्क समजावून सांगणं हे अधिकाऱ्यांचं कर्तव्य होतं, असं न्यायालय म्हणालं. पण त्या न्यायासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. म्हणून सही करण्यापूर्वीच हक्क माहीत करून घेतलेला बरा.

लढल्याने काय मिळतं?

१९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष गोव्यातल्या परिषदेसाठी कोलकात्याहून निघाल्या होत्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या घोष यांना स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आलं. मुंबईच्या 'अडॅप्ट' संस्थेसह त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी १० लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. वाट चार वर्षांहून जास्त पाहावी लागली, पण तो निकाल आज देशातल्या कुठल्याही दिव्यांग प्रवाशाला दाखवता येतो. तडजोडीचा फायदा सहसा त्या एका माणसापुरता राहतो.

आयुक्तांकडे की कोर्टात?

कर्नाटकातल्या आस्थापनेविरुद्ध तक्रार बंगळुरूच्या राज्य आयुक्तांकडे जाते. नोकरी गोव्यात असेल तर गोव्याच्या आयुक्तांकडे, महाराष्ट्रात असेल तर पुण्याला. रेल्वेसारख्या केंद्राच्या आस्थापनांसाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त आहेत. मात्र आयुक्त शिफारस करतात. ती मान्य नसेल तर आस्थापनेने तीन महिन्यांत कारणं कळवायची असतात. तिथे अडलं तर कोर्ट आहेच. उत्तर कन्नडसाठी उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला आहे.

मिटवायचंच तर लोकअदालतीत

स्टॅम्प पेपरवरचा करार मालकाने मोडला तर बहुधा नवा दावा घालावा लागतो. लोकअदालतीचा निवाडा मात्र दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि थेट अंमलबजावणीसाठी नेता येतो. दावा दाखल नसला तरी प्रकरण तिथे नेता येतं. जमलं नाही तर प्रलंबित दावा परत कोर्टात जातो, नुकसान काही नाही. पण एकदा निवाडा झाला की अपील नाही, हे विसरू नका.

अपमान, मारहाण अशा कलम ९२ च्या फौजदारी गुन्ह्याची बाब वेगळी आहे. तो लोकअदालतीत मिटत नाही.

कागदात काय हवं?

- कोणतं पद, कोणती वेतनश्रेणी, कोणत्या तारखेपासून.
- मागचा पगार, ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन यांचं काय.
- रक्कम किती, कधी मिळणार, उशीर झाला तर व्याज किती.
- रॅम्प, बसून करायचं काम, जवळची बदली अशा सोयींचा स्पष्ट उल्लेख.
- "यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही" अशी ओळ असेल तर आधी वकिलाला विचारा.

आपल्याकडे कागद बहुतेक कन्नडमध्ये असतो. तो मराठीत किंवा कोकणीत पूर्ण समजावून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नको.

मग ठरवायचं कसं?

नोकरी आणि पगार शाबूत राहत असेल, सोयी लेखी मिळत असतील, तर दोन पैसे कमी घेऊन मिटवणं शहाणपणाचं. पण सरकारी नोकरी कायमची सोडायची अट असेल तर उरलेल्या सेवेचा पगार आणि निवृत्तिवेतन यांचा हिशेब मांडा. समोरची रक्कम त्यापुढे फार तोकडी असेल तर लढा.

वकिलाच्या फीची भीती नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांगांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती, कारवारचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० या हेल्पलाइनवर विचारा. तडजोडीचा मसुदाही याच वकिलाकडून तपासून घेता येतो.