‘राग’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे?

कोलकात्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांचा हिंदुस्थानी संगीतावरील निबंध १७९२ मध्ये छापला गेला. रागासाठी त्यांनी ‘मोड’ हा युरोपीय शब्द योजला. संगीताच्या विद्यार्थ्याला इंग्रजी परिभाषा पुरवण्याच्या या आरंभीच्या प्रयत्नातच पुढच्या अडचणीचे बीज होते.

‘मोड’ म्हणजे ढोबळमानाने विशिष्ट अंतरांवर बसवलेला स्वरसमूह. आता भूप आणि देशकार घ्या. दोहोंत स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. तरी भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर. भातखंडे यांनी तर एकाला कल्याण थाटात बसवले, दुसऱ्याला बिलावलात. केवळ ‘मोड’ शिकलेल्या विद्यार्थ्याला हे दोन राग एकच वाटतील. मैफलीतला साधा श्रोताही ती चूक करणार नाही!

‘श्रुती’चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. आजचा परभणी जिल्हा ज्या यादव राज्यात मोडत होता, त्याच्या राजधानीत, देवगिरीत, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात सप्तकाच्या २२ श्रुती आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव आहे : तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती... इंग्रजीत श्रुतीला सर्रास ‘क्वार्टर टोन’, म्हणजे पाव स्वर, म्हटले गेले. पण सप्तकाचे समान पाव स्वर पाडले तर ते २४ होतात. मग उरलेले दोन कुठे घालायचे?

हा वाद केवळ शब्दांचा राहिला नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींचे गणित मांडणारे इंग्रजी पुस्तक काढले. मुलकी सेवेतील अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्याच वाटेने जाऊन श्रुतींची हार्मोनियम घडवून घेतली. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत तिची चर्चा झाली, पण मान्यता मिळाली नाही. भातखंडे यांचा देवल-क्लेमेंट्स मताला विरोध होता. त्याच परिषदेत त्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर इंग्रजीतून विस्तृत व्याख्यान दिले. म्हणजे भांडण इंग्रजीशी नव्हतेच. प्रश्न कोणता शब्द कशासाठी, एवढाच होता.

‘सम’ला ‘डाउनबीट’ म्हणतानाही असेच काही निसटते. पाश्चात्त्य डाउनबीट प्रत्येक मापाच्या आरंभी येतो. त्रितालात मात्र सम सोळा मात्रांच्या आवर्तनात एकदाच येते, आणि गायकाची तान बहुधा तिथे येऊन संपते. आरंभ आणि समाप्ती एकाच मात्रेवर, हे ‘डाउनबीट’मधून कळत नाही.

या कामाला शिस्त लावणाऱ्यांत डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांचे नाव ठळक आहे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. त्यांचे ‘कीवर्ड्स अँड कन्सेप्ट्स’ १९९० मध्ये आले आणि हिंदुस्थानी संगीताचा संक्षिप्त इंग्रजी कोश २००६ मध्ये. राग, श्रुती, सम हे शब्द तसेच ठेवायचे आणि इंग्रजी स्पष्टीकरणासाठी राबवायची, हा मार्ग त्यांनी पत्करला. आज इंग्रजीतून संगीत शिकणारा विद्यार्थीही ‘राग’ला ‘राग’च म्हणतो.